तोंड दाखवा

शहागंजात भाजीच्या हातगाड्यांना पाठ लावून फारूखचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी आणि तिच्यामागं लोंबणाऱ्या वायरी. मोबाइलचे चार्जर, पिना, जोडण्या. गिऱ्हाईक आलं की तो मान वर न करता म्हणायचा, ‘तोंड दाखवा.’ म्हणजे फोनचं. फोन उलटा करून तो खालच्या भोकात बघायचा आणि गोल, चपटी, टाइप-सी, लागेल ती पिन काढून द्यायचा. एकाचं तोंड दुसऱ्याला बसत नसेल तर मधे जोडणी घालायची. जगात न जुळणारं काही नसतं, असं तो आयुष्यभर मानत आला.

त्याच भरवशावर त्यानं छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली. त्याची आई जैतुनबी पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिला रिक्षात किंवा बसमध्ये चढता येत नव्हतं. पडेगावच्या घरी जाड तीन पिनांच्या सॉकेटला गाडी लावायची; सकाळपर्यंत भरायची. क्रांती चौकाजवळच्या चार्जिंगच्या खांबाची गन, म्हणजे जाड वायरीच्या टोकाची मूठ, एकदा लावून पाहिली, तिथं थोडं लवकर भरली. फारूखनं मनाशी ठरवून टाकलं: चार्जर मोठा तर भरणं लवकर. बीडच्या रस्त्यावर पाचोडच्या पुढं एका ढाब्यावर ‘फास्ट’ लिहिलेलं मशीन होतं. चहाला उतरला असताना त्यानं त्या गनकडं एकदा नजर टाकली होती. वरच्या गोलात सात भोकं. गाडीच्या तोंडातही सात पिना. त्याखाली काय आहे ते त्यानं बघितलं नाही.

मे महिन्यात एका पहाटे बीडहून फोन आला. बासित गेला. जैतुनबीचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलेला. ती रडली नाही. घरात ते दखनीच बोलायचे. ती एवढंच म्हणाली, ‘मूँ दिखा दे रे मेरे कू उसका.’

माती दुपारी, जोहरच्या नमाजनंतर होती. रात्रभर पडेगावात लाईट नव्हती, गाडी अर्धीच भरलेली. शेजारचे साहेबराव दारात आले, ‘जीप काढतो,’ म्हणाले. फारूख म्हणाला, ‘नको भाऊ, आपली गाडी हाय. वाटेत फास्ट हाय.’

ढाब्यावर मशीन चालू होतं. फारूखनं गन उचलली. जड होती. वरचा गोल बरोबर तोंडाशी आला आणि खाली काहीतरी अडलं. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा अडली.

‘जोर लावू नका भाऊ, तो काय हातपंप हाय का?’ मशीनवर देखरेख करणारा सर्जेराव खाटेवरून उठत म्हणाला.

‘वरचं तर जुळतंय.’

‘वरचंच जुळतंय. खालचे दोन जाड हायेत ते डीसीचे. तुमच्या गाडीला खालचं तोंडच दिलं नाय.’

‘मग मधी घालायला जोडणी असंल की एखादी.’

सर्जेराव हसला. ‘मोबाइल हाय व्हय हा? नुसतं तोंडाचं नाय ते. बॅटरी डीसीवर भरती. घरचा करंट एसी. गाडीतलं यंत्र तो बदलून घेतं, पर ते यंत्र लहान, त्याच्या चालीनंच भरणार. हे मशीन इथंच बदलतं आन् सरळ बॅटरीत लोटतं. तुमच्या गाडीत ती वाटच नाय. जोडणी लावून वाट कुठून आणता?’

‘आन् त्यो पलीकडचा खांब?’

‘एसीचा. त्यो लागतो. पर घरच्यावाणीच. खांब कितीबी मोठा असू द्या, गाडी घ्यायचं तेवढंच घेणार. बीडपुरतं भरायला दुपार टळंल.’

फारूख गन हातात धरून उभा राहिला. ‘मामूची माती हाय जोहरला,’ तो म्हणाला.

सर्जेरावचं हसू गेलं. पलीकडच्या खांबाची गन त्यानं स्वतःच आणून लावली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

गाडीच्या आतून जैतुनबीनं विचारलं, ‘क्या हुआ रे?’

‘मूँ नहीं मिल रा, अम्मी.’

‘किसका?’

फारूखनं मोठ्या मशीनची गन परत जागेवर अडकवली.

फारूखनं साहेबरावांना फोन लावला, तो लागला नाही. सर्जेराव रस्त्यात उभा राहून हात करत होता. गाड्या कडेनं निघून जात होत्या. एक जीप थांबली, खच्चून भरलेली. मग एक ट्रक थांबला. दोघांनी मिळून जैतुनबीला उचललं. केबिनच्या पायरीवर तिचा पाय ठेवला आणि तिच्या घशातून असा आवाज आला की ड्रायव्हरनं मान फिरवली. तिला परत आणून गाडीत बसवलं. त्यानंतर तिच्याकडं बघायला कुणी धजावलं नाही.

शहराकडं निघालेली एक मोठी गाडी आली. तिला खालचं तोंड होतं. तिच्यातल्या माणसांनी चहा, भजी, पुन्हा चहा घेतला, तोवर तिचं भागलं. ती गेली. खांबाचा हिरवा दिवा लुकलुकतच होता.

ऊन डोक्यावर आल्यावर बासितच्या मुलाचा, मुनीबचा फोन आला. ‘फारूखभाई, मौलवीसाब बोल रे देर नको. धूप भोत है. फुफी बोली तो रुकते. नहीं तो व्हिडिओ पे दिखाऊँ क्या?’

फारूखनं फोन आईपुढं धरला. तिनं काचेकडं पाहिलं. तो हळूच उलटा करून मांडीवर ठेवला.

‘काँच में कैसा मूँ,’ ती म्हणाली. मग फोन तोंडाशी नेला. ‘ले जाओ, बेटा. मेरे वास्ते रोको नको.’

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. फारूखनं फोन बंद केला. सर्जेरावनं आणलेलं पाणी तसंच राहिलं. गाडी भरत राहिली. आता तिला कुठं पोचायचं नव्हतं, तरी भरत राहिली.

दुकान आजही चालतं. वायरी लोंबतात, जोडण्यांचा डबा भरलेला असतो. गिऱ्हाईक आलं की फारूख मान वर करतो, हात पुढं करतो आणि म्हणतो, ‘फोन द्या.’