कुठं लागलंय?

आक्का टाइप करता करता शिव्या द्यायच्या. माणसांना नाही, सरकारी मराठीला. 'सबब', 'उपरोक्त', 'सदरहू' असं काही आलं की बोट कीबोर्डवर आपटून पुटपुटायच्या, "मेल्या, सरळ बोल की!" महाडच्या कोर्टाजवळ एका झेरॉक्सवाल्याच्या ओट्यावर त्यांचं टेबल होतं. टाइपरायटर जाऊन मुलाने घेऊन दिलेला कॉम्प्युटर आला, तरी त्या घाव टाइपरायटरसारखेच घालत. बिचारा कीबोर्ड वर्षभरसुद्धा टिकत नसे.

मूळच्या कापडे गावच्या. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप करून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. "रकाना मोकळा सोडायचा नाय. मोकळ्या रकान्यात लोक आपल्या मनाचं भरतात." अर्जदाराला काही सुचेना, तर त्या हात मांडीवर ठेवून बसून राहत. मागे रांग लागली तरी बेहत्तर.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. महाडात खोली घेऊन राहायचे, एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते. आणि एकावर जीव जडला होता, कशाला खोटं बोलू? दोन वर्षं. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आम्ही तासन्‌तास पाय सोडून बसलो आहोत. पहिली थप्पड पाचाडला बसली, पिठलं-भाकरीचं ताट समोर असताना, ऑफिसातल्या कुणाचा तरी फोन उचलला म्हणून. मी ती गिळली. पुढच्याही गिळल्या. शेवटी 'पुरे झालं' म्हटलं, तेव्हा त्याने माझी करंगळी मुरगळून मोडली. त्यानंतर रोज सकाळी कंपनीच्या बसथांब्यावर येऊन उभा राहायला लागला. तो तिथून हटावा, एवढंच मला हवं होतं.

ज्याच्याकडे जावं तो पहिला प्रश्न एकच विचारी, "तो तुमचा कोण लागतो?" खोलीच्या मालकीणबाईंनी विचारलं, वकिलांनी विचारलं. मी म्हणायची, "कोणी नाही." वकील भला माणूस. त्यांनी समजावलं, की मारहाणीची तक्रार पोलिसांत होईल. पण त्याने तुमच्या आसपास फिरकू नये, असा हुकूम घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने मिळणं कठीण. तुम्ही बायको नाही, त्याच्यासोबत एका घरात राहिलेल्या नाही. तक्रार तेवढी आक्कांकडून टाइप करून घ्या.

आक्कांनी माझं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोण लागतो ते मागाहून सांग. आधी कुठं लागलंय ते सांग गो."

दोन महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मी भर दुपारी हमसून हमसून रडले. आक्का कोर्टाच्या कागदांवरच डबा उघडून बसल्या. अर्धी भाकरी माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "रड, पण खात खात रड."

मग कायद्याचं सांगितलं तशा त्या उसळल्या. "घर नाय म्हणून घरगुती नाय? मग तुझी हाडं काय भाड्याची हायेत?" नात्याच्या रकान्यात मी 'मित्र' लिहा म्हटलं. वडील, भाऊ, उद्या सगळे वाचणार. त्या म्हणाल्या, "मित्र हाडं मोडतो काय गो? प्रेम केलंस, चोरी नाय केलीस." आणि मला विचारून, माझी मान हलेपर्यंत थांबून, टाइप केलं: 'प्रियकर होता. आता नाही.' तो शब्द कागदावर उमटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र हलकं वाटलं.

तक्रार नोंदली गेली, तरी तो बसथांब्यावर यायचा थांबेना. तेव्हा आक्का म्हणाल्या, "हुकूम नाय ना मिळत? मग मीच हुकूम." रोज सकाळी छत्री घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहायला लागल्या. असा आठवडा गेला. मग एक दिवस सरळ त्याच्या पुढ्यात गेल्या आणि सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, तू हिचा कोण लागतोस? सांग की!" तो मागे सरकला. माणसं वळून बघायला लागली. तो गेला, तो परत आला नाही.

दरवर्षी आक्का मुंबईला आणि दिल्लीला एक अर्ज धाडत, की हा कायदा माझ्यासारख्या मुलींनाही लागू करा. त्यात एक वाक्य ठरलेलं असे: 'मारणाऱ्याचा हात पाहावा, रेशनकार्ड पाहू नये.' उत्तर कधी आलं नाही. मी चिडवायची तर म्हणत, "पोचला ना? कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात जाईल." कायदा अजून होता तिथेच आहे.

डोळे गेले तशा त्या मुलाकडे विरारला गेल्या. दर रविवारी फोन. "बोट कसं हाय?" "पावसात ठणकतं." "ठणकू दे. तेवढीच अक्कल ताजी राहते." आता रविवारी हात आपोआप फोनकडे जातो आणि तसाच परत येतो.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. मी रजेचा अर्ज घेतला. त्यात रकाना होता, 'मयताशी नाते'. कारकून म्हणाला, "मॅडम, त्या तुमच्या कोण लागत होत्या?"

माझ्या तोंडात जुनंच उत्तर आलं होतं, कोणी नाही. जीभ चावली. रकाना मोकळा सोडायचा नाही. मी लिहिलं, 'आक्का'.

"म्हणजे बहीण?"

"नाही."

"मग हे यादीत बसत नाही हो."

"ठाऊक आहे," म्हटलं, "बिनपगारी धरा."

आणि एसटी पकडली. विरारला पोचेपर्यंत शेजारी कितीतरी माणसं बसली आणि उठली. माझे डोळे बघून दोघी-तिघींनी विचारलंही, कोण गेलं, कोण लागत होतं. आक्का, मला फक्त एकदा कुणीतरी विचारायला हवं होतं, कुठं लागलंय गो?