दाजींचा उजवा हात

कोल्हापूरच्या स्टँडवर कंडक्टरला म्हणालो, "औरंगाबाद एक." त्यानं मान वर न करता "छत्रपती संभाजीनगर" अशी दुरुस्ती केली आणि तिकीट हातात दिलं. मी निवृत्त पीटी मास्तर. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली, त्यामुळं स्वतःची निघाली की जिवाला लागते. सीटवर बसून नवं नाव चारदोनदा घोकलं. नगरला शेजारच्यानं विचारलं, "कुठवर?" तर जिभेनं पुन्हा जुनंच नाव टाकलं.

निघायचं कारण म्हणजे आक्काचा फोन. आक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मूळ करमाडचे बागायतदार. आता मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनजवळ घर बांधून राहतात. उन्हाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवा हात लुळा पडला. चालतात, बोलतात, शिव्याही पहिल्यासारख्याच देतात; हात तेवढा रुसला. जेवायचं म्हणजे डाव्या हातात चमचा. आणि आता करमाडला पुतण्याच्या लेकीचा साखरपुडा ठरला होता. दाजी भावकीत थोरले. त्यांच्याकडं थोरल्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी ताटाला हात लावत नाही.

"डाव्या हातानं पंगत सुरू करू व्हय मी? मी येत नाय, असं म्हणायलेत," आक्का फोनवर रडत होती. "सद्या, एवढं एक चुकवलं ना, तर हा माणूस परत उंबऱ्याबाहेर पडायचा नाही रे. तू ये."

सकाळी मुकुंदवाडीत पोचलो, तर दाजी पलंगावर राजासारखे बसलेले. डाव्या, चांगल्या हाताला जाड हातमोजा बांधलेला. मला वाटलं, हाही हात गेला की काय! तेवढ्यात व्यायाम घ्यायला येणारी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. तिनं समजावलं, "मामा, मेंदूतली उजव्या हाताकडं जाणारी एक वाट बंद पडलीय. हात थोडा हलतो, म्हणजे दुसरी वाट पाडता येते. पण डावा मोकळा असला की मेंदू आळशीपणा करतो, सगळं डाव्याकडनंच करून घेतो. म्हणून डावा बांधायचा. उजव्याला काम दिलं, रोज रोज दिलं, की पायवाट पडते."

"या वयात?" मी विचारलं.

"मेंदूला वय विचारायचं नाही मामा, काम सांगायचं."

पोरगी हुशार. पण तिला या घराची रीत कुठं ठाऊक होती? ती गेली आणि दाजींना बघायला सोयरे यायला लागले. मराठवाड्यातला माणूस आजाऱ्याला नुसता बघून जात नाही, त्याला भरवून जातो. एक मावशी आल्या. दाजींचा बांधलेला हात बघून त्यांना गलबलून आलं. "अगं बाई, दोन्ही हात गेले का भाऊचे?" म्हणत त्यांनी शिऱ्याची वाटी उचलली आणि दाजींनी आनंदानं आ केला. मागून भावकीतले नानाभाऊ आले, त्यांनी चहा बशीत ओतून पाजला. दुपारी खुद्द आक्कानं भाकरी कुस्करून भरवली. म्हणजे डावा बांधलेला, उजवा मांडीवर झोपलेला, आणि तोंडाला तेवढी सुट्टी नाही! पंधरवडाभर हा असाच उपचार चालला होता.

मी मास्तरी आवाज काढला. "आजपासून ह्यांना कुणी भरवायचं नाही!"

दाजी भडकले. "ओ पाव्हणं, सांगायला काय जातंय? पहिले तुमचा हात बांधा, मंग मला शिकवा."

कोल्हापूरच्या माणसाला असं डिवचू नये. मी आक्काकडून लोकरीचा मोजा मागून घेतला आणि माझा चांगला उजवा हात त्यात घालून मनगटाशी करकचून बांधून घेतला. आक्कानं कपाळाला हात लावला.

मग माझे हाल सुरू झाले. दात घासताना ब्रश नाकपुडीत गेला. शर्टाचं एक बटण लावेपर्यंत चहा गार झाला. मग मुकाट्यानं बिनबटणांचा सदरा घातला. डावा हात माझाच, जन्मापासून सोबत, पण काम सांगितलं की परक्या गावच्या पोरासारखा तोंडाकडं बघत राहायचा. आणि दाजी? पलंगावर खो खो हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच एवढे हसले म्हणे. हसता हसता त्यांनी उजव्या हातानं पाण्याचा पेला धरायला घेतला आणि सगळं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. मीही हसलो. काय करणार!

घरात ठेवलं तर कुणीतरी भरवणारच, म्हणून मी दाजींना रोज बाहेर काढायला लागलो. पहिल्यांदा हर्सूलचा तलाव. पाणी शांत, पलीकडं बोडके डोंगर, काठावर बगळे. तिथं दाजींना खडे वेचून पाण्यात टाकायला लावले. खडा बोटांतून निसटला की ते तलावालाच शिव्या देत. जवळच्या टपरीवर चहा घेतला. चहावाले चाचा आमच्याकडं बराच वेळ टक लावून होते. एकाचा डावा हात बांधलेला, दुसऱ्याचा उजवा.

"क्या चचा," शेवटी त्यांना राहवेना, "आपस में लडाई हुई क्या?"

"हौ," दाजी म्हणाले. "मेहुणा हाय माझा."

"फिर तो ठीक है," चाचा म्हणाले आणि त्यांनी आलं जास्त टाकलं.

दुसऱ्या खेपेला जुन्या शहरात नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला गेलो. आक्काला मंदिरात जातो असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तेल वर्ज्य केलेलं, म्हणून वरची तर्री काढायला लावली. इथं दाजींना ओळखणारं कुणी नव्हतं. आ करा म्हणणारं कुणी नव्हतं, आणि कीव करणारंही कुणी नव्हतं. नान मऊ होता. दाजींनी तो ताटाला दाबून मूठभर उपटला. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. मिशी लाल झाली. पण घास गेला तोंडात! मला तर नाचावंसं वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं फक्त मिठाची बरणी मागितली.

घरी पोचलो तर आक्कानं दाजींच्या बाहीचा वास घेतला. "कुठल्या देवाला दाखवतात रे हा निवद?" दोघांनाही संध्याकाळी नुसती खिचडी मिळाली.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दाजी पुन्हा अडून बसले. "तिथं हाटेलवाले नाय, माझी भावकी हाय. हात थरथरायलाय माझा. हसतील लोकं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा धिप्पाड माणूस, मला फार वाईट वाटलं. काही सुचेना, म्हणून म्हणालो, "मग मी मोजा बांधूनच पंगतीला बसतो. हसले तर मला आधी हसतील." दाजींनी एकवार माझ्या मोज्याकडं बघितलं. मग म्हणाले, "धोतर आण गं."

करमाडला मांडवात पंगत बसली. पुरी, बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भात. वाढप झालं. सगळ्यांच्या नजरा दाजींच्या ताटावर. दाजींनी पुरीला हात घातला, पुरी निसटली. बुंदी चिमटीत धरली, ती घरंगळत माझ्या ताटात आली. नानाभाऊंना राहवलं नाही. ते उठून आले, त्यांनी भात कालवला. "अण्णा, आ करा."

मी डाव्या हातानं नानाभाऊंचं मनगट धरलं. पाहुणा माणूस, तेही सोयऱ्यांच्या मांडवात! बायका "अगंबाई" म्हणाल्या.

"नाना, बस तू जाग्यावर," दाजी म्हणाले. "मी हाय की."

त्यांनी बोटं भातात रुतवली आणि दाबून दाबून गोळा केला. हात वर निघाला. वाटेत डुलला, छातीशी थांबला, हनुवटीला धडकला. मांडवातली शंभर एक माणसं नकळत स्वतःच आ करून बसली होती. अर्धा घास मिशीत गेला आणि अर्धा तोंडात.

दाजींनी तो चावून चावून गिळला. मग ओरडले, "जेवा की आता! काय बघायलात?"

काय झुंबड उडाली म्हणता! आक्का बायकांच्या पंगतीत पदर डोळ्यांना लावून पुऱ्या मागत होती. मी मोजा सोडला आणि माझ्या चांगल्या हातानं पोटभर जेवलो.

परतीच्या दिवशी आक्कानं रीतीप्रमाणं टॉवेल-टोपी काढली आणि कुंकवाची वाटी आणली. पाहुण्याला असंच वाटेला लावतात. ती बोट बुडवणार तोच दाजी म्हणाले, "इकडं आण." त्यांनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. बोट माझ्या कपाळाकडं निघालं, भुवईत शिरलं, तिथून खाली घसरलं आणि थेट नाकाच्या शेंड्यावर टेकलं. आक्का हसत पदरानं पुसायला आली.

"खबरदार!" मी म्हणालो.

बसमध्ये खिडकीशी बसलो. एवढी वर्षं पोरांना कवायत शिकवली. पुन्हा पुन्हा केलं की जमतं, हे हजारदा सांगितलं असेल. पण एका बोटाला मेंदूपासून कपाळापर्यंत यायला किती खटपट करावी लागते, हे मला साठीनंतर कळलं. डाव्या हातानं पाण्याची बाटली उघडली आणि मोजा नसतानाही तोच हात पुढं आला, हे नंतर ध्यानात आलं.

शेजारचा तरुण मघापासून चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "काका, कुंकू पार नाकावर आलंय. पुसा की."

"राहू दे," मी म्हणालो. "लई लांबनं आलंय ते."