बेचाळिसाव्या वर्षी गळ्यात घंटा

"तुम्हाला एडीएचडी आहे," मंचरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्याच पेनाची स्प्रिंग उघडून बसलो होतो. ती कुठं उडाली ते आजतागायत कळलेलं नाही.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसत नाही, विचाराच्या आधी हात चालतो.

मला तिथं नेलं टोमॅटोनं. ठिबकमधून खत सोडलं आणि व्हॉल्व्ह चालू ठेवून शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दुरुस्त होताना बघायला गेलो. अर्धा प्लॉट करपला. बायको, सुनंदा, म्हणाली, "आता रान माझ्या भावाला वाट्यानं देती. तुमी बसा बांधावर." मी जिवंत असताना माझं रान मेव्हण्यानं कसायचं! आमच्या अवसरी गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, राव. "आधी डोकं तपासून घेतो," म्हणालो आणि मंचर गाठलं.

पहिल्या भेटीत मॅडमनी प्रश्नावली दिली. मला वाटलं परीक्षाच. पास व्हायला सगळीकडं ‘कधीच नाही’वर खुणा केल्या. मॅडम हसल्या. "पुढच्या वेळी तुमचं लहानपण पाहिलेलं माणूस आणा."

आईला नेलं. आमचं घराणं मेंढपाळाचं. आई म्हणाली, "ह्यो मेंढरं राखत नव्हता बाई, मेंढरं ह्याला राखत व्हती. ह्यो झाडावर, ती लोकांच्या हरभऱ्यात."

"आजार तोच, वयानुसार रूप बदलतं," मॅडम म्हणाल्या. "मूल झाडावर चढतं. मोठा माणूस खुर्चीत बसतो, पण मन झाडावर असतं. म्हणून दोघांना प्रश्न वेगळे. लहानपणचं आई सांगते, आताचं बायको." त्यांनी सुनंदाला फोन लावला. ती पाऊण तास बोलली. त्यानंतरच निदान झालं.

गोळ्यांनी डोक्यातला गलका कमी झाला, पण व्हॉल्व्ह काही आपोआप बंद होईना. "आठवण डोक्यात नको, अंगावर ठेवा," मॅडम म्हणाल्या. आईनं माळ्यावरची मेंढराची घंटा काढली. व्हॉल्व्ह उघडला की गळ्यात, बंद केला की खुंटीला. सुनंदानं एक हंगाम दिला. एकच.

एकदा सलूनच्या खुर्चीत मान वळवली आणि टण्ण! "भाऊ, ही कसली माळ?" सलूनवाला म्हणाला. अर्ध्या दाढीचा साबण घेऊन मी रस्त्यानं धावत सुटलो, घंटा वाजवत. अख्खं गाव हसलं. व्हॉल्व्ह वेळेत बंद झाला.

प्लॉट असा लगडला की तोडायला मेव्हण्यालाच बोलवावं लागलं. सुनंदा एवढंच म्हणाली, "पुढल्या हंगामालाबी तुमीच. घंटा मात्र सोडायची नाय."

तुमच्या हाती अशी प्रश्नावली आली, तर पास व्हायला जाऊ नका. खरं लिहा, आणि तुमच्या खोड्या ज्याला पाठ आहेत त्याला सोबत न्या.

मॅडमना पहिल्या तोड्याचे टोमॅटो दिले आणि एक नवं पेन. ते देईपर्यंत सुनंदानं स्वतःच्या पिशवीत ठेवलं होतं.