फेब्रुवारीतला माझा वाढदिवस

जर्मनीत पहिल्या वर्षी माझा वाढदिवस दोनदा आला, आणि त्यातला जो साजरा झाला तो माझा नव्हताच.

नव्या शतकाची चार-पाच वर्षं झाली होती. मी कार्ल्सरूहेला विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट करत होते. आमच्या मजल्यावर अकरा माणसं. सकाळी सगळे 'मोर्गन' म्हणत, जेवायच्या वेळी 'मालत्साइट' आणि निघताना 'चूस'. या तीन शब्दांवर माझे आठवडेच्या आठवडे निघाले. वाईट कुणीच वागत नव्हतं, त्यामुळे कुणावर रागवायचीही सोय नव्हती.

पहिल्या ऑक्टोबरात माझा वाढदिवस आला. पुण्याच्या हॉस्टेलवर जिचा वाढदिवस तिने आयतं बसायचं असे, केकपासून गाण्यापर्यंत सगळं मैत्रिणी बघत. त्याच सवयीने मी नवा कुर्ता घालून गेले आणि मनात मांडे खात बसले. दिवसभरात माझ्या खोलीत एकच माणूस आलं, आमच्या विभागाच्या सेक्रेटरी बाई. साठीला टेकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सकाळी त्या स्टेपलर मागायला आल्या, दुपारी कात्री. दोन्ही वेळा माझ्या टेबलावर एक नजर टाकली आणि गेल्या. ऑफिसातलं सगळं सामान यांच्याच कपाटात, आणि मागायला माझ्याकडे! मी मनातल्या मनात चरफडले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"काय गं, कसा झाला बर्थडे? केक-बिक?"

"हो बाबा, सगळ्यांनी मिळून आणला."

"वा! मग काळजी नाही. माणसं चांगली दिसतात."

फोन ठेवला आणि मी खूप रडले. आपण इथे आहोत हे या मजल्यावर एका तरी माणसाला ठाऊक आहे का, एवढंच मला हवं होतं.

बाबा कराडच्या शाळेत गणित शिकवायचे. मोठ्या गणितज्ञांच्या आणि शास्त्रज्ञांच्या जयंत्या ते वर्गात साजऱ्या करत. जुन्या कॅलेंडरातून कापलेला फोटो, त्याला झेंडूचा हार, दाढीवाल्या युरोपियन कपाळावर कुंकवाचं बोट, मग नारळ फोडून पोरांना खोबरं-साखर. मुख्याध्यापक नाक मुरडत. बाबा म्हणत, "ज्यांच्या जिवावर आपण चार घास खातो, त्यांचं वर्षातून एकदा नाव नको घ्यायला?"

आमच्या मजल्यावरच्या छोट्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या यंत्राशेजारी असाच एक दाढीवाला फोटोत होता. त्याच्या आधी एका गणितज्ञाने कागदावर समीकरणं मांडून ठेवली होती की विजेच्या लहरी मोकळ्या हवेतून जात असल्या पाहिजेत. या माणसाने ते आमच्याच गावात करून दाखवलं. खोलीच्या एका टोकाला ठिणगी पाडली आणि तारेचा जोड नसताना दुसऱ्या टोकाला बारीकशी ठिणगी उमटली. ती इतकी बारीक होती की पाहायला अंधार करावा लागे. लहरी मोजायच्या एककाला त्याचंच नाव दिलेलं, ते आमच्या प्रत्येक यंत्रावर रोज वाचलं जाई, पण फोटोकडे कॉफी ओतताना कुणी बघत नसे. त्याचं आणि माझं तेवढ्यावर जमलं.

फेब्रुवारीत त्याची जयंती आली. आदल्या दिवशी मी वेलची घालून रव्याचा केक केला. झेंडू कुठला मिळायला! ट्यूलिपचा हार होत नाही, म्हणून एक ट्यूलिप पेल्यात घालून फोटोपुढे ठेवलं, खाली केक मांडला, हळूच हात जोडले. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला उंच सहकारी कप घेऊन आत आला.

"आख! तुझा वाढदिवस? आणि बोलली नाहीस?"

मी तोंड उघडेपर्यंत त्याने पॅसेजमध्ये हाक दिली. एकेक जण आला, माझा हात हातात घेऊन 'आल्लेस गूटं' म्हणत शुभेच्छा देऊन गेला. प्राध्यापक स्वतः आले, घरी कोण कोण असतं विचारलं. मग सगळ्यांनी मिळून बेसूर गाणं म्हटलं. सेक्रेटरी बाई सगळ्यांत मोठ्याने. हा केक भिंतीवरच्या गृहस्थांचा आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी ते गिळलं. इतकी माणसं माझ्याकडे बघून हसत होती, मला ते सोडवेना. बाबांच्या दैवताचा वाढदिवस मी चोरला आणि वर दोन तुकडे खाल्ले.

पुढच्या आठवड्यात करार वाढवायच्या कागदावर सही करायला सेक्रेटरी बाईंकडे गेले. कागदावर माझी जन्मतारीख छापलेली. ऑक्टोबर! मी अडखळत सगळं सांगून टाकलं, कराडचा वर्ग, नारळ, फोटो, सगळं.

त्यांनी चष्मा काढला. "हो, बरोबर. मला माहीत होतं. तुमचा पहिला करार मीच टाइप केलाय."

"मग तुम्ही गाणं का म्हटलंत?"

"असं बघा, इथे ज्याचा वाढदिवस असतो तोच केक आणतो. तुम्ही केक घेऊन उभ्या होतात. म्हटलं, हिला आज साजरा करायचाय, तर आजच करू."

त्यांनी खालचा खण उघडून एक लिफाफा पुढे केला. आत शुभेच्छापत्र होतं, वर माझं नाव नीट अक्षरात, खाली ऑक्टोबरमधली तारीख.

"त्या दिवशी हे द्यायचं होतं. पण ज्याने केक ठेवला नाही, त्याला वाढदिवस नको असतो. आम्ही मग त्रास देत नाही. तरी वाटलं, केक उशिरा आणाल. म्हणून दोनदा येऊन बघितलं."

त्या दोनदा माझ्या दारात आल्या होत्या. मी एकदा स्टेपलर दिला होता, एकदा कात्री, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंही नव्हतं.