दमयंती, अकुशल कामगार

रत्नागिरीकडच्या पालीजवळ काशीराम शेठच्या रोपवाटिकेत दमयंती बावीस वर्षं आंब्याची कलमं बांधते. कोयीतून नुकता फुटलेला तांबूस कोंब छाटायचा, त्यात हापूसची काडी बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी आवळायची. तिनं बांधलेल्या शंभरातली नव्वद जगतात. आणि सरकारदरबारी ही बाई अकुशल! ऐकणाऱ्याचं डोकं फिरेल, मग तिचं का फिरू नये?

झालं असं. रत्नागिरीतल्या एका सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधायला आणि शिकवायला कायमचं माणूस हवं होतं. दमयंती अर्ज घेऊन गेली. टेबलावरच्या बाईंनी तिचं कामगार नोंदणीचं कार्ड पाहिलं आणि अर्ज परत केला. देशातल्या झाडून साऱ्या कामांची एक यादी असते, प्रत्येक कामाला आकडा असतो, आणि त्या आकड्यावरून कुशल-अकुशल कळतं, असं त्यांनी समजावलं. दमयंतीच्या नावापुढे शेतमजुराचा आकडा होता. शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आणलात तर बघू, म्हणाल्या.

एसटीतून उतरली ती तडक सेवा केंद्रात, नोंदणी करणाऱ्या विनीतवर तुटून पडायला. त्यानं जुना फॉर्म उघडून दाखवला. काम काय, तर तिनंच सांगितलं होतं, मजुरी. मेली ती जीभ! इकडच्या बायकांची हीच खोड. हातात कितीही कसब असो, कुणी विचारलं की ‘मजुरीला जाते, आणि काय’ म्हणून मोकळ्या. कलमं बांधते म्हटलं तर मिरवल्यासारखं वाटतं. दमयंतीला स्वतःचाच संताप आला. पण या विनीतनं तरी कसली मजुरी, एवढं विचारायला नको? यादीत रोपवाटिकेतल्या कुशल कामाचा वेगळा आकडा होता. त्यानं तो दोन मिनिटांत शोधला. बदलायला फक्त मालकाचं पत्र लागणार होतं.

काशीराम शेठ गिऱ्हाइकांपुढे तिच्या हाताची तारीफ करून थकत नसत. पत्राचं नाव काढताच त्यांचा आवाज बदलला. एकीला कुशल लिहून दिलं तर उद्या राजश्री मागेल, मैना मागेल, सगळ्यांना मजुरी वाढवून द्यायची का? मजूर म्हणून ठेवलंय, मजूर म्हणूनच लिहून देईन, असं त्यांनी साफ सांगितलं. ती गेली तर कलमं कोण बांधणार, हे मात्र बोलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी ओल्या गोणपाटात ताज्या काड्यांचे जुडगे येऊन पडले होते. दमयंतीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फावडं घेतलं आणि पिशव्यांत माती भरायला लागली. राजश्री आणि मैनाही काड्या सोडून तिच्या शेजारी माती भरायला येऊन बसल्या. काशीराम शेठनी तासभर कळ काढली. स्वतः चाकू घेऊन बसले, चार कोंब वाया घालवले.

“दमयंती, काड्या सुकतायत गो.”

“सुकणारच. कलमं बांधणारं माणूस आणा. मजुराला काय विचारता?”

शेवटी त्यांनी पत्र लिहिलं, सही-शिक्का मारला आणि चाकू तिच्यापुढे सरकवला. दमयंतीनं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं, हात धुतले आणि आधी विनीतकडून आकडा बदलून घेऊन मग रत्नागिरीची एसटी पकडायची म्हणून चालू लागली.