डिकीची उंची

गाडी घेताना शोरूममधले गृहस्थ मायलेज सांगत होते आणि मी डिकीची उंची गुडघ्याला लावून बघत होते. "मॅडम, हे कुणी मोजत नाही," ते म्हणाले. आमची म्हातारी कुत्री काळी त्यांना कुठे ठाऊक होती.

आज सकाळी मागची सीट पाडून सतरंजी अंथरली. धाकट्या शेरूने एका उडीत जागा पकडली. काळीचे मागचे पाय दुखतात, वर्षभर ती टेकडीवर आली नव्हती. टेकडी जवळच आहे, पण काळीसाठी अवघड घाट जमिनीपासून डिकीपर्यंतचाच. उचलायला मी वाकले, तोवर तिने पुढचे पाय टेकवले, अंग वर ओढलं आणि चढलीसुद्धा. मला तिथेच नाचावंसं वाटलं. मी बघतच राहिले, तर आतून काळी माझ्यावरच भुंकायला लागली, उशीर होतोय म्हणून.