पुस्तके जाळणारा बाप

अन्याय झाला तो डोमाजी नावाच्या विणकरावर. ठिकाण आंधळगाव, आमचाच मोहल्ला. वेळ एकोणऐंशी सालच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची, सकाळी सातची. अन्याय करणारा मी, डोमाजींचा थोरला मुलगा. (आधी पीडित, मग ठिकाण आणि वेळ, मग आरोपी, अशी आमच्या मंडळाच्या पत्रकांची शिस्त होती. ती पाळली आहे.)

त्या वर्षी आमच्या युवक मंडळाने दिवाळी अंक काढला. महिन्याला दोन निषेध छापून आमची पत्रके गाजत होतीच. आता साहित्याची पाळी! मंडळातल्या जाणत्यांनी सांगितले, साहित्यात बाप म्हणजे जुनी सत्ता आणि मुलगा म्हणजे उठाव. मला पटले. पण पंचाईत अशी की माझ्याकडे जुलमी बापच नव्हता! माझा बाप स्वतः निरक्षर, पण माझ्या पुस्तकांना लुगड्याच्या उरल्या कापडाची कव्हरे शिवून देणारा. अशा माणसाविरुद्ध उठाव करायचा कसा?

मी मार्ग काढला. शरीर बाबांचे घेतले: तुटके करंगळीचे बोट, सकाळचा खोकला, मागाच्या खड्ड्यात बसून धोट्याशी बोलणे. दुष्टपणा पदरचा घातला. कथेतला बाप मुलाची चार पुस्तके चुलीत घालतो, शेवटी मरतो, आणि मुलगा न रडता मोर्चाला जातो. (मला तेव्हा हा शेवट फार आवडला होता.)

अंक घरी आला. बाबांनी तो उलटा धरून, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "उद्या पाजणी हाय. सारेच असतीन. तू वाचून दाखवजो."

पाजणी म्हणजे विणकराचा कसोटीचा दिवस. गल्लीभर ताणा, म्हणजे उभे सूत, ताणून पसरायचा, त्याला भाताची पेज लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत चालत राहायचे. पेज सुकेपर्यंत कुणी थांबायचे नाही. थांबलात की धागे एकमेकांना चिकटले, आणि महिनाभराचे सूत गेले. म्हणजे ऐकणाऱ्यांना पळून जाता येत नव्हते. मलाही!

"बाबा, आवाज बसला जी."

"आत्ता तर मायवर खेकसला! वाच."

मी वाचू लागलो. तुटके बोट आले तेव्हा गल्ली हसली. "अरे, हा तर डोमाजीच!" बाबांनी करंगळी उंच करून दाखवली. खोकला आला, बाबा मुद्दाम खोकले. पानावर पुढच्याच ओळीत चूल पेटली होती. मी आयुष्यातली पहिली साहित्यिक तडजोड केली. 'बाप' वाचण्याऐवजी वाचले, "तेवढ्यात काकाने पुस्तके उचलली आणि चुलीत घातली."

माझे सख्खे काका सोमाजी ताण्याच्या पलीकडे होते. त्यांचा कुंचा थांबला.

"मी? मी कवा जाळली बे पुस्तकं?"

"तुम्ही नाही काका, कथेतला..."

"कथेतला कोण?" काका गल्लीकडे वळून म्हणाले, "याले काका तर एकच हाय!"

"चुकलं! काका नाही, मामा!"

आता मायचा कुंचा थांबला. "माह्या भावाचं नाव घेतलं? अरे, मामानं तुले शाळेची पाटी घेऊन देल्ली!"

"मामा नाही, शेजारी!" मी ओरडलो.

हे बोलायला नको होते. ताण्यावर उरलेले सगळे शेजारीच होते.

गल्लीत एकच गलका झाला. जो तो आपण पुस्तक जाळले नसल्याचा पुरावा देऊ लागला. एकाने तर सांगितले, "आमच्या घरात कधी पुस्तकच आलं नाई!" सगळे कुंचे खाली. एकटे बाबा ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. "अरे, चालवा बाप्पा, चिकटून राह्यलं!" कुणी ऐकेना. शेवटी सातवीतल्या माझ्या बहिणीने, सुमनने, अंक माझ्या हातून ओढला आणि जे छापले होते ते खणखणीत वाचले. बाप. चूल. चार पुस्तके.

 फक्त बाबांच्या कुंच्याचा आवाज येत होता. ऊन चढले होते आणि धाग्यांच्या दोऱ्या झाल्या होत्या.

"मंग?" बाबांनी विचारले. "शेवटी काय होते त्या बापाचं?"

"मरते," सुमन म्हणाली.

"पोरगा रडते का?"

"नाई जी. मोर्चाले जाते."

बाबांनी कुंचा पेजेच्या भांड्यात ठेवला. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "थोडासाक रडवला असता त्याले." आणि आत गेले.

इथेच थांबलो असतो तर गुन्हा अर्धाच राहिला असता. पण पंधरा दिवसांनी मंडळाचे तीन जाणते आमच्या घरी आले. त्यांना 'तो बाप' पाहायचा होता! माझी कथा अनुभवातून आली म्हणून ते फार खूश होते. एकाने सरळ विचारले, "डोमाजी, तुम्ही खरंच मुलाची पुस्तकं जाळली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

"हो जी," बाबा म्हणाले. "जाळली. चार होती."

पाहुणे गेल्यावर माय कडाडली, "काहून खोटं बोल्ले?"

"त्यायच्यासमोर पोराले लबाड ठरवू का?"

त्यानंतर बाबांनी हा कबुलीजबाब कधीच मागे घेतला नाही. गावात कुणी विचारले की म्हणत, "होते चूक माणसाच्यानं." गेल्या साली ते वारले. तिरडीमागे चालताना दोन माणसे बोलत होती, "चांगला होता. पुस्तकं जाळली, तेवढंच." मी मागे वळून त्यांना काही सांगितले नाही. इतक्या पत्रकांचा लेखक मी, पण दोन माणसांपुढे तोंड उघडले नाही! (रडलो मात्र भरपूर. कथेत बसले नसते.)

म्हणून वाचकहो, ही मागणी तुमच्याकडे. त्या अंकाच्या प्रती मोहाडी, तुमसर, सिहोऱ्यापर्यंत गेल्या आहेत. तुमच्या घरी एखादी असेल तर माझ्या कथेवर पेनने ठळक लिहा: 'डोमाजीने एकही पुस्तक जाळले नाही.' आणि तेवढे लिहून झाले की पहिले जाळण्यालायक पुस्तक, म्हणजे तो अंक, तुमच्या हातातच आहे. चूल पेटवा!